लोहचुंबकाला फॉर्म वाचता येत नाही

ते प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न तीनदा विचारत. शब्द तिन्ही वेळा वेगळे. पहिल्यांदा, शरीरात कुठे लोखंड आहे का. दुसऱ्यांदा, कधी ऑपरेशन, अपघात, काही घुसलं, काही बसवलं. तिसऱ्या प्रश्नात धातूचा उल्लेखच नसे. ‘काका, कामाला कुठे होतात? कुठल्या खात्यात?’ पहिल्या दोन प्रश्नांना माणूस उत्तर देतो, तिसऱ्याला त्याला आठवायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

परळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, तळघरातल्या एमआरआय विभागात ते टेक्निशियन होते. मी ओळखायला लागले तेव्हा पन्नाशी उलटलेली. राहायला लालबागला, चाळीत. उंची बेताची, आवाज खालचा, बोलण्यात अधूनमधून मालवणी. वॉर्डबॉय त्यांना ‘इन्क्वायरी’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं. ‘इन्क्वायरी बसलीय का?’ असं कुणी दारातून विचारलं, तर आतून तेच ‘बसलीय’ म्हणून उत्तर देत.

ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. मी एका मराठी दैनिकात आरोग्याच्या बातम्या करत होते. त्या रुग्णालयात नवीन यंत्र आलं, त्याची बातमी मी दिली. मथळ्यात ‘मेंदूचा फोटो काढणारं यंत्र’ असे शब्द होते. चार दिवसांनी कचेरीत एक पाकीट आलं. आत बातमीचं कात्रण. ‘फोटो’ हा शब्द पेन्सिलीने खोडलेला आणि समासात लिहिलेलं : ‘फोटो नव्हे, ऐकणं. येऊन बघा.’ खाली सही नव्हती, विभागाचं नाव होतं. मी गेले.

त्यांनी मला बाहेरच्या स्टुलावर बसवलं आणि भोवऱ्यापासून सुरुवात केली. माणसाच्या अंगात बहुतेक पाणी. पाण्यात हायड्रोजन. त्याचा प्रत्येक कण एक भोवरा आहे असं धरा. एरवी हे भोवरे वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात. मोठ्या चुंबकात माणूस ठेवला की ते चुंबकाच्या दिशेने उभे राहायला बघतात. सगळे नाहीत, पण पुरेसे. मग रेडिओच्या लहरीची एक टिचकी मारायची. भोवरे कलंडतात. टिचकी थांबली की परत उभे राहतात, आणि उभं राहताना फार बारीक सूर सोडतात. तो सूर यंत्र ऐकतं. चरबीतले भोवरे लवकर उभे राहतात, पाण्यातले रेंगाळतात, सुजलेल्या जागेतले वेगळे, गाठीतले वेगळे. कोण कुठून आणि किती वेळाने बोललं, एवढ्यावरून संगणक चित्र रचतो.

‘फोटोत उजेड पडतो आणि काम झालं,’ ते म्हणाले. ‘इथे विचारायचं आणि थांबायचं. थांबला नाहीत, तर काय कळणार?’

मी त्यांना विचारलं, रात्री यंत्र बंद केल्यावर चुंबकाचा जोर किती वेळात उतरतो. चुंबक उतरत नाही, ते म्हणाले. आतली वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. तिथे इतकी थंडी, की एकदा सोडलेला विजेचा प्रवाह फिरतच राहतो. दिवे गेले, संप झाला, सुट्टी असली, तरी चुंबक चालू. पृथ्वीच्या चुंबकापेक्षा कित्येक हजार पटींनी जास्त ताकद, आणि ती कधीच झोपत नाही. ‘ते कधीच बंद नसतं’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर असंख्य वेळा ऐकलं. नव्या वॉर्डबॉयला, सफाईवाल्या मावशींना, एकदा पाहणीला आलेल्या विश्वस्तांना.

या एका वाक्यावर त्यांनी आपलं राहणं बेतलं होतं. पट्टा नाही, पँटला नाडी. घड्याळ नाही. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ज्यांच्या नाड्यांच्या भोकांना पत्र्याच्या कड्या नव्हत्या. लिहायला पेन्सिल, तीही मागे पत्र्यात बसवलेलं रबर नसलेली. जेवण प्लास्टिकच्या डब्यात. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे असे. कामावर नसतानाही ते असेच असत. रविवारी बाजारात भेटले तेव्हाही नाडीच होती. मी विचारलं, तर म्हणाले, एक दिवस सवय मोडली की दुसऱ्या दिवशी खिशात काहीतरी राहतं.

बायकांच्या सेफ्टी पिनांवर त्यांचा खास अभ्यास होता. मंगळसूत्राला अडकवलेली एक, बांगडीला एक, पदराला दोन, आणि परकराच्या नाडीपाशी एक जी कुणालाच आठवत नाही. एकूण पाच. नर्सने चार आणून दिल्या की ते परत पाठवत.

दसऱ्याला यंत्राची पूजा होई. गिरणगावात यंत्राला हार घातल्याशिवाय दसरा होत नाही, आणि तिथले निम्मे कर्मचारी गिरणी कामगारांच्या घरांतले. पूजा त्यांना मान्य होती. पण आदल्या दिवशी ते हारवाल्याकडे स्वतः जात आणि तोरण बांधताना समोर उभे राहत. झेंडूत कुठे तार गेली नाही ना, हे बघायला. नारळ फोडायचा तो बाहेर, जिन्याखाली, कारण कोयता आत येऊ शकत नव्हता. यंत्राला कुंकू नाही, चंदन. आजकालच्या कुंकवात काय कालवतात ते सांगता येत नाही, हे कारण. एका भटजींनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी बाहेरच्या टेबलाच्या खणातून दोरीला बांधलेलं एक लहान चुंबक काढलं आणि भटजींच्या पिशवीवर धरलं. पिशवीतून लोखंडी अडकित्ता निघाला. भटजी नंतर चंदनाने पूजा करायला लागले.

यंत्राचा आवाज फार मोठा असतो. आतली वेटोळी प्रत्येक मोजणीला हादरतात, त्यामुळे ठोकल्यासारखा, खणल्यासारखा, कधी भोंग्यासारखा आवाज येतो. आत झोपलेला माणूस घाबरतो, हलतो, आणि हलला की चित्र बिघडतं. ते लालबागच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवत. प्रत्येक तपासणीच्या आवाजाला त्यांनी ठेका लावला होता. पेशंटला माइकवरून आधीच सांगत : ‘आता चार मिनिटं संथ, भजनी. मग दोन मिनिटं दुडकी, जलद. घाबरू नका, ती लवकर संपते.’ बाहेरच्या वर्‍हांड्यात बसून कुठली तपासणी चालू आहे ते त्यांना सांगता येई. रेडिओलॉजिस्ट हसत, पण यांच्या पाळीत हललेली चित्रं कमी येत, हेही तेच सांगत.

एक प्रसंग मी बातमीसाठी टिपून घेतला होता, तो छापला गेला नाही. कणकवलीकडच्या, लालबागला राहणाऱ्या एका बाईंच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनला हवं होतं ते एवढंच, की बाईंचं बोलणं मेंदूत नेमकं कुठे आहे आणि गाठीपासून किती लांब. त्यासाठी एक तपासणी असते. पेशंट यंत्रात पडून मनातल्या मनात शब्द जुळवतो. मेंदूचा जो भाग काम करतो, तिथे ताजं रक्त जास्त येतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त चुंबकापुढे वेगळं वागतं. तो फरक टिपला की ती जागा पडद्यावर उजळते.

बाईंना कानात हिंदी शब्दांची तयार यादी ऐकवली. काही उजळलं नाही. बाई घाबरल्या होत्या आणि शब्द नुसते ऐकत होत्या. डॉक्टर म्हणाले, आज राहू दे. तेव्हा यांनी माइक ओढून घेतला.

‘बाय, आता मनातल्या मनात म्हावऱ्याच्या बाजारात जा. टोपल्यांत काय काय आसा ता बघ. तोंड हलवू नको, मनात म्हण.’

मग ते टोपल्या दाखवत गेले. ही पहिली, ही दुसरी, आता उजवीकडची. पडद्यावर डाव्या बाजूला, गाठीच्या थोडं मागे, जागा उजळली. तपासणी संपल्यावर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘सगळा बघलंय. पापलेट म्हाग आसा.’ सर्जनने गाठीकडे जायची वाट बदलली. ऑपरेशननंतर बाईंचं बोलणं शाबूत होतं, आणि भावही लक्षात होता.

तीन प्रश्नांचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. आधी ते दुसरीकडे होते, ज्युनिअर. एक म्हातारे गृहस्थ आले. दादरच्या बाजारात फुलांचा धंदा, वीस वर्षांचा. फॉर्म मुलाने भरलेला. धातू : नाही. गृहस्थ आत गेले आणि दुसऱ्या मिनिटाला ओरडले. फुलांच्या आधी ते लेथवर होते. लोखंडाचा एक कण डोळ्यात जाऊन आत रुतला होता, आणि त्यांनाही त्याचा विसर पडला होता. चुंबकात असा कण आपली दिशा बदलायला बघतो. डोळा गेला.

‘फॉर्म मी तपासला होता,’ ते म्हणाले. ‘फॉर्म बरोबर होता.’

तेव्हापासून नातेवाइकांनी भरलेला फॉर्म ते कोरा समजत. गिरणगावातला साठीच्या वरचा माणूस आला, की विणकाम खात्यात होता का मेकॅनिक खात्यात, एवढ्यावर न थांबता, गिरण्या बंद पडल्यावर पोट कशावर भरलं, इथपर्यंत जात. पंधरा मिनिटांच्या तपासणीला वीस मिनिटांची चौकशी होई. यादी रखडे. वरून तक्रारी येत. ते ऐकून घेत आणि पुढच्या पेशंटला पहिला प्रश्न विचारत.

पुढे माझ्या वडिलांना त्यांच्यासमोर बसायची वेळ आली.

आम्ही प्रभादेवीचे. आजोबा कस्टम्समध्ये कारकून, पणजोबा सॉलिसिटरकडे. बाबा गिरणीत होते, पण टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेऱ्या लिहायला, हे घरात नेहमी जोडून सांगितलं जाई. गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. बाबांना कुर्ल्याच्या एका कंपनीत, तिथेही टाइम ऑफिसात, नोकरी मिळाली होती. दोन वर्षांनी ते एका पतपेढीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्या सकाळी चहा घेताना बाबांच्या उजव्या हातातून कप निसटला. आईने विचारलं तेव्हा त्यांनी कपाला ‘चावी’ म्हटलं. बशीलाही ‘चावी’. दहा-बारा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. परळला नेलं, सीटी स्कॅन केला, त्यात काही दिसलं नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, लगेच एमआरआय करू. मेंदूत रक्त अडलं, की तिथलं पाणी पेशींमध्ये कोंडतं, आणि ते सीटीत दिसण्याच्या कितीतरी आधी एमआरआयवर पांढरं उमटतं. खरंच अडलंय की आणखी काही आहे, हे आजच कळायला हवं होतं.

फॉर्म मी भरला. व्यवसाय : निवृत्त क्लार्क. धातू : नाही. सगळ्या चौकटींत ‘नाही’. खाली माझी सही.

त्यांनी फॉर्म पाहिला.

‘कोणी भरला?’

‘मी.’

‘मग कोरा आहे. बाई, तुम्ही चहा घेऊन या.’

मी गेले. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं, की बाबांच्या कवळीची डबी माझ्या पर्समध्ये राहिली आहे. परत आले. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. मी पडद्याबाहेर थांबले.

पहिल्या दोन प्रश्नांना बाबांनी ‘नाही’ आणि ‘हर्निया, टाके तेवढे’ अशी उत्तरं दिली. तिसऱ्याला गिरणी, टाइम ऑफिस. गिरणी बंद होती तेव्हा? कुर्ला, टाइम ऑफिस. तिथे हजेरीला कार्ड होतं का मस्टर? बाबा म्हणाले, आता आठवत नाही. जो माणूस गिरणीत वर्षानुवर्षं हजेऱ्या लिहीत होता त्याला हे आठवत नव्हतं, आणि हे पडद्याबाहेर माझ्याही लक्षात आलं.

पलीकडच्या खोलीतून हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाची चुकचुक ऐकू येत होती.

‘काका, शर्टाला भोकं पडायची?’

‘कसली?’ बाबा म्हणाले.

‘बारीक. टाचणीच्या टोकाएवढी. छातीवर, बाहीवर. ठिणग्यांची.’

‘पडायची,’ बाबा म्हणाले.

‘ग्राइंडर?’

‘हो. ओतीव कामाच्या कडा घासायच्या. दोन वर्षं.’

‘डोळ्यात गेलं?’

‘जायचंच. शेजारचा माणूस आगपेटीच्या काडीने काढायचा. एकदा काही निघालं नाही. मग दुखायचं थांबलं.’

‘कुठला डोळा?’

‘डावा.’

‘घरी माहीत नाही.’

‘नाही. आमच्यात कुणी मजुरी…’ ते वाक्य बाबांनी सोडून दिलं. ‘बायकोलाही नाही.’

‘शर्ट कोण धुवायचं?’

‘तीच. पण तिच्या लक्षात नाही आलं कधी. एका शब्दाने विचारलं नाही.’ मग म्हणाले, ‘मुलीला सांगू नका. ती पेपरात आहे.’

‘डॉक्टरांना सांगावं लागेल. बाकी कोणाला नाही.’

मी वर्‍हांड्याच्या टोकापर्यंत परत गेले आणि चपला वाजवत आले. तोवर एक निवासी डॉक्टर येऊन उभा होता. यादी अर्धा तास रखडली होती, फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ होतं, वर मोठे डॉक्टर थांबले होते. पेशंटला आत घ्या, मी सही करतो, असं तो म्हणत होता.

‘साहेब, लोहचुंबकाला फॉर्म वाचता येत नाही,’ ते म्हणाले. ‘आधी डोळ्यांचा एक्स-रे.’

डॉक्टर माझ्याकडे वळला. नातेवाईक म्हणून मी काहीतरी बोलेन, अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हणाले, एक्स-रे करा. इन्क्वायरींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कवळीच्या डबीकडे पाहिलं, जी तेव्हाही माझ्या हातात होती.

एक्स-रेत डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका होता. तिळाच्या टोकाएवढा.

आईला मी फोनवर सांगितलं, मशीन बंद आहे, दुसरी तपासणी करतायत. रक्तात औषध सोडून परत सीटी काढला. मानेतली एक रक्तवाहिनी अरुंद झालेली सापडली. गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कण जुना आहे, शांत आहे, त्याला हात लावू नका. फक्त चुंबकाजवळ नेऊ नका, कधीच. बाबांना तो ठिपका पडद्यावर दाखवला, तेव्हा ते पुढे वाकून बराच वेळ बघत होते. मी बाजूला उभी होते. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. निवृत्तीनंतर इन्क्वायरी रोज सकाळी परळच्या एका बागेत बसत. बाबा आठवड्यातून दोनदा तिथपर्यंत चालत जायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे घरी दिलेलं कारण. एकदा मी रस्त्यापलीकडून दोघांना पाहिलं. बाबा दोन्ही हात पुढे धरून काहीतरी दाखवत होते, जड वस्तू ग्राइंडरच्या चाकाला लावावी तसे. इन्क्वायरी मान न हलवता ऐकत होते. मी रस्ता ओलांडला नाही.

बाबा गेले ते हृदयाच्या झटक्याने. चौथ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले. आई खुर्चीत बसली होती. ते समोर बसले. मी ओळख करून द्यायच्या आत आईनेच विचारलं.

‘तुम्ही ह्यांच्याबरोबर कुर्ल्याला होतात का?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

‘होय वहिनी.’

‘टाइम ऑफिसात?’

‘टाइम ऑफिसातच.’

आईने मान हलवली. चहा घ्या म्हणाली. त्यांनी घेतला. बाबा हजेरी फार चोख लिहायचे, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली खोटी उत्तरं. आणखी पाच मिनिटं बसून ते उठले.

दार लावून मी आत आले. आई कप एकात एक ठेवत होती.

‘मंगळवारी हे देवळाच्या रांगेत गेले, की मी ह्यांचे शर्ट घेऊन बसायचे,’ ती म्हणाली. ‘आठवड्याला सात-आठ भोकं. रफू असं करायचे, की ह्यांना कळू नये.’

मग त्या गृहस्थांना टाइम ऑफिसाचं का विचारलंस, असं मी म्हटलं.

‘सांगतात का ते बघितलं,’ आई म्हणाली. ‘नाही सांगितलं.’

आणि कप घेऊन आत गेली.